कारण लिहून द्या

कारखान्यात तिला सगळे ‘घार’ म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. हे नाव ज्याने ठेवलं त्याच्या मनात काही चांगलं नसणार, पण तिला ते आवडून गेलं. लोखंडी टाक्या आणि बॉयलर बनवणारी ती शेड लांबच लांब होती. छताखालच्या रुळांवरून जी मोठी क्रेन फिरायची, तिच्या काचेच्या केबिनमध्ये घारीचं राज्य. तिथून तिला सगळं दिसे. साहेब येताना दिसले की कोण घाईघाईने हेल्मेट चढवतो, वेल्डिंगच्या पडद्याआड कोण डुलकी काढतो, कोण कोणाशी बोलेनासा झालाय, सगळं.

वर जाण्याआधी ती रंगकामात होती. टाकीच्या आत शिरून रंग मारायचा, दिवसभर नाकाला फडकं बांधून. क्रेनवरचा जुना ऑपरेटर नोकरी सोडून गेला, तेव्हा त्या जागी जायला कोणी तयार होईना. उन्हाळ्यात केबिन भट्टीसारखी तापायची आणि एकदा वर गेलं की जेवणाच्या सुट्टीपर्यंत उतरणं नाही. हिने हात वर केला. फोरमन म्हणाला, “बाई, ती शिडी सरळ उभी आहे. घरचा जिना नाही तो.” तिने हातातला ब्रश डब्यात टाकला, सगळ्यांसमोर चढून गेली आणि वरून विचारलं, “आता उतरू, की बसूनच घेऊ?” प्रशिक्षण, परीक्षा, परवाना हे सगळं मागाहून रीतसर झालं. पण ती जागा तिने मिळवली ती त्या शिडीवरच.

खाली माल बांधून हुकाला अडकवणाऱ्याला कारखान्यात खलाशी म्हणतात. समुद्राशी त्याचा काही संबंध नसतो. तिथले सगळ्यांत जुने खलाशी म्हणजे मामा. ते सगळ्यांचेच मामा होते. मामांनी खालून हात हलवायचा, घारीने वरून क्रेनची दांडी फिरवायची. एवढ्या वर्षांच्या सवयीने त्या दोघांना बोलायची गरजच उरली नव्हती.

घारीचा स्वभाव मुळातच तापट. आणि पाळी यायच्या आधीचे दोन-तीन दिवस तर विचारूच नका. छाती ठणकायची, पोट टम्म फुगायचं, कपाळाच्या एका बाजूला हातोडा पडत राहायचा. कोणी नुसतं “काय चाललंय?” विचारलं तरी अंगावर झुरळ पडल्यासारखं व्हायचं. मग पाळी यायची आणि पहिल्याच दिवशी सगळं उतरून जायचं, ओले कपडे बदलून कोरडे घातल्यासारखं. हे इतकं ठरलेलं होतं की भोवतालच्या माणसांनीही आपापली व्यवस्था लावून घेतली होती.

नवरा शिंपी. पुढच्या खोलीत दोन मशिनं टाकून तो गणवेश शिवायचा. माणूस गरीब स्वभावाचा. त्या दिवसांत तो तोंडात टाचण्या धरून बसायचा, म्हणजे बोलायलाच नको. कारखान्यात फोरमनने त्या दिवसांना हवामानाचं नाव दिलं होतं. सकाळी शेडमध्ये पाऊल टाकलं की तो मोठ्याने विचारायचा, “मामा, आज वर ढग आहेत का?” मामा म्हणायचे, “आज निरभ्र आहे, पण उद्याचं सांगता येत नाही.” मग सगळी शेड हसायची. घार हसायची नाही, पण सोडून द्यायची. हसा बापड्यांनो! तिला त्यात एक सोयही दिसायची. महिन्यातले तेवढे दिवस वगळले तर बाकीच्या दिवसांत आपलं म्हणणं ऐकलं जातं, असं ती धरून चालली होती.

चाळिशी ओलांडली आणि या सगळ्याची घडी विस्कटली.

एका महिन्यात पाळी होऊन आठवडा उलटला असेल नसेल, सगळं छान चाललेलं, आणि अंघोळ करताना अचानक छाती हात लावू देईना. तिला वाटलं, पाळी लवकर येणार. ती आली नाही. दोन दिवस ठणकून ते सगळं गेलं आणि नेहमीच्या वेळेला पुन्हा आलं. पुढच्या महिन्यात उलटंच. पाळीच्या आधी ती इतकी शांत होती की नवऱ्याने घाबरून कपाळाला हात लावून पाहिला. पाळी आली, ‘सुटले’ म्हणून तिने हुश्श केलं, आणि दुसऱ्या दिवसापासून डोकं, पोट, रडू, चिडचिड, सगळी वरात मागून हजर. त्यानंतर एकदा तर मध्यावर जे सुरू झालं ते पाळी येऊन गेली तरी हलायलाच तयार नाही, बिनबोलावलेल्या पाहुण्यासारखं.

अंग दुखणं ती सोसू शकत होती. सोसता येईना ते दुसरंच काहीतरी. ते तिला एका संध्याकाळी नीट कळलं.

कामावरून ती घरी आली, तर लेक पलंगावर पाय पोटाशी घेऊन, गुडघ्यावर पुस्तक टेकवून बसलेली. परीक्षा तोंडावर आलेली. तिच्या अभ्यासाच्या टेबलावर छताला भिडतील एवढे कापडाचे गठ्ठे.

“हे कोणाला विचारून ठेवलंत?” घारीने नवऱ्याला विचारलं.

त्याने तोंडातल्या टाचण्या काढून उशीत खोचल्या. “मोठी ऑर्डर आहे. माल ठेवायचा कुठे? थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे.”

“त्याच थोड्या दिवसांत तिची परीक्षा आहे. तिला विचारलंत? मला विचारलंत? घरात टेबल एकच, आणि त्यावर कापड अभ्यासाला बसलंय!”

नवऱ्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं. पुन्हा पाहिलं. मग त्याच्या तोंडावर जे आश्चर्य उमटलं ते अगदी निर्मळ होतं. “पण तुझी तर आत्ताच होऊन गेली ना? मागच्याच आठवड्यात?”

“झाली. मग?”

“म्हणजे तू खरंच रागावलीयस?”

आतल्या खोलीत लेक फिस्सकन हसली. घार मात्र नवऱ्याकडे बघतच राहिली.

“खरंच म्हणजे? इतकी वर्षं मी काय खोटंखोटं रागावत होते?”

“तसं नाही गं. मला आपलं वाटायचं, ते दिवस सरले की राग जातो. म्हणजे तो काही तुझा नसतो.”

“मग कोणाचा असतो? शेजारणीचा?”

गठ्ठे त्याच संध्याकाळी हलले. नवरा आणि लेक दोघांनी मिळून ते माजघरात नेऊन रचले. पण नवऱ्याचं ते वाक्य घारीच्या डोक्यातून हलेना. आपण बोलायचो आणि ही माणसं ऐकत नव्हती, नुसती थांबून राहायची! पाऊस ओसरेपर्यंत माणूस वळचणीला उभा राहतो, तशी. तिला केबिनमधला पंखा आठवला. कितीदा मागितला होता! मागायची ती नेमकी त्या ‘ढगाळ’ दिवसांत, कारण त्याच दिवसांत तिला ती उष्णता असह्य व्हायची. फोरमन हो हो म्हणायचा. चार दिवसांनी ती शांत झाली की तीच विषय सोडून द्यायची. ती शांत व्हायची, केबिन मात्र तितकीच तापलेली असायची.

आणि याची दुसरी बाजूही तिची तिला ठाऊक होती. एकदा दारात आडव्या पडलेल्या बुटांवरून तिने लेकीचा एक बूट खिडकीतून रस्त्यावर भिरकावला होता आणि मग स्वतःच रडत खाली जाऊन आणला होता. तो राग बुटाच्या मापाचा नव्हता, हे तिला तेव्हाही कळत होतं. मापातला कुठला आणि मापाबाहेरचा कुठला, हे ओळखायला इतकी वर्षं निदान तारखेचा आधार होता. आता तोही राहिला नाही. हल्ली डोकं तापलं की पहिला संशय स्वतःवरच. ‘मी बरोबर बोलतेय, की हे तेच?’ या एका प्रश्नाने ती गप्प बसायला लागली होती. घारीने गप्प बसावं, याच्याइतकं वाईट तिच्या लेखी काहीच नव्हतं.

म्हणून ती दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई तिच्यापेक्षा वयाने थोड्या मोठ्या. बाहेर ही गर्दी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कागदावर काहीतरी खरडत म्हणाल्या, “वयाचं आहे हे. चालायचंच.”

“चालायचंच म्हणजे?” घार खुर्चीत पुढे सरकली. “मी उद्या लंगडत आले तर पाय वयाचा आहे म्हणून परत पाठवाल का? इतकी वर्षं जे ठरल्या वेळी यायचं ते आता कधीही येतंय. का येतंय एवढं तरी सांगाल की नाही?”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढला. “बसा. माझं चुकलं, घाईत बोलले.”

आणि मग त्यांनी नीट सांगितलं. दोन पाळ्यांच्या साधारण मध्यावर स्त्रीबीज सुटतं. हा त्रास होतो तो बहुतेकींना त्यानंतर, पाळी जवळ येईल तसा वाढत जातो आणि पाळी सुरू झाली की ओसरतो. “तुमचं एवढी वर्षं तसंच चाललं होतं. आता पाळी जायच्या आधीचा काळ सुरू झालाय. या काळात बीज कधी लवकर सुटतं, कधी उशिरा, एखाद्या महिन्यात सुटतच नाही. हार्मोन्स आज वर तर उद्या खाली. मग त्रासही आपली जागा सोडून हिंडायला लागतो. कोणाला तो लवकर गाठतो, कोणाला पाळी आली तरी सोडत नाही.”

“म्हणजे मला वेड लागलेलं नाही.”

“अजिबात नाही. पण मला एक गोष्ट बघायची आहे. महिन्यात अधूनमधून असे दिवस सापडतात का, की तुम्हाला काहीच होत नाही? तसे दिवस मुळी नसतीलच, तर हे पाळीचंच आहे असं म्हणता येणार नाही. मग दुसरं काही शोधावं लागेल. थायरॉइड असेल, मनाचा आजार असेल. बाईच्या सगळ्याच गोष्टी पाळीवर ढकलून मोकळं व्हायचं नसतं.”

हे शेवटचं वाक्य घारीच्या इतकं मनात भरलं की ती घरी येईपर्यंत ते पुटपुटत होती.

रक्त तपासायला दिलं. दोन-तीन महिने रोजचं कसं जातंय ते खुणा करून ठेवायला सांगितलं होतं, तर तिने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरच त्रासाच्या दिवसांवर लाल पेन्सिलीने फुल्या मारायला सुरुवात केली. लेक म्हणाली, “आई, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतं ना!”

“दिसू दे की. गॅस कधी संपला ते लिहिलेलं चालतं, तुझ्या बाबांचे ग्राहक कधी येणार ते चालतं, आणि मी कधी संपते ते नाही चालत?”

रक्त जरा कमी निघालं, बाकी सगळं ठीक. कोरे दिवस होते, फक्त त्यांना ठावठिकाणा नव्हता. गोळ्या सुरू झाल्या. लगेच काही फरक पडला नाही.

त्याच सुमारास कारखान्यात एका पट्ट्याची भानगड झाली.

एक मोठी टाकी ट्रेलरवर चढवायची होती. टाकीच्या पोटाखालून दोन रुंद पट्टे घालून ते हुकाला अडकवायचे आणि हळूहळू उचलायची. मामांनी बांधलं, हात केला. घारीने हुक वर घेतला. पट्टे ताणले गेले, टाकी जमिनीपासून जेमतेम सुटली, आणि डाव्या पट्ट्याच्या कडेला तिला धागे लोंबताना दिसले. टाकीच्या काळ्या रंगावर पांढरेशुभ्र. तिने टाकी पुन्हा टेकवली.

वॉकीटॉकीवर फोरमनचा आवाज आला. “काय झालं?”

“डावा पट्टा कडेने फाटलाय. बदला.”

“चालेल तो. एवढीच एक खेप आहे, ट्रेलर खोळंबलाय.”

“बदला. मग उचलते.”

एक क्षण खरखर झाली. मग सगळ्यांच्या वॉकीटॉकीवर एकदम ऐकू जाईल असा त्याचा आवाज. “मामा, जरा कॅलेंडर बघता का? वर ढग दाटलेत वाटतं!”

शेड हसली. मामांनी पट्ट्याकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे.

वर केबिनमध्ये घारीचे कान गरम झाले. त्या दिवशी तिची छाती ठणकत होती, झोप धड झाली नव्हती, सकाळीच फुली मारून ती घरातून निघाली होती. मनात तो प्रश्न आलाच. हे तेच आहे का? मी उगाच अडून बसतेय का? तिने पुन्हा खाली पाहिलं. राग कुठून यायचा तिथून येवो, धागे तर सुटलेलेच होते. ते तिच्या अंगात नव्हते, पट्ट्यात होते.

तिने बटण दाबलं. “ढग आहेत. भरपूर आहेत. आणि पट्टा फाटलाय. दोन्ही खरं आहे.”

मग तिने क्रेन बंद केली, किल्ली खिशात टाकली, शिडी उतरून खाली आली आणि हसणाऱ्यांच्या मधून चालत कँटीनमध्ये जाऊन बसली. दुसऱ्या शेडमधून नवा पट्टा येईपर्यंत ती तिथेच बसून होती. आला, तशी वर गेली आणि टाकी चढवली. ट्रेलर उशिरा सुटला.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरचं बोलावणं आलं. मॅनेजर गोड बोलणारा माणूस. समोर फोरमन, शेजारी मामा.

“तुमच्या तब्येतीची आम्हाला काळजी वाटते,” मॅनेजर म्हणाला. “तुमच्या त्या... म्हणजे त्या काळात तुम्ही वर जाऊ नये असं आमचं मत पडलं. स्टोअरमध्ये बसा, आराम होईल. दर महिन्याला फक्त तारखा तेवढ्या फोरमनसाहेबांच्या कानावर घालायच्या.”

घारीला हसूच आलं. “साहेब, तारखा हल्ली मलाच कोणी सांगत नाही. आणि सांगितल्या तरी त्या माझ्या अंगाच्या आहेत, तुमच्या ऑफिसच्या नाहीत.”

“मग हे नीट होईपर्यंत स्टोअरच बरं.”

“आणि पट्टा?”

मॅनेजरने मामांकडे पाहिलं. “पट्टा कसा होता?”

मामांनी टोपी हातात फिरवली. “दिसायला तसा... बरा होता साहेब.”

घारीने मामांकडे एकदाच पाहिलं. मग मॅनेजरकडे वळली. “ठीक आहे. जाते स्टोअरमध्ये. आत्ता जाते. फक्त कारण लिहून द्या.”

“लिहून कशाला? आपल्या आपल्यात...”

“आपल्या आपल्यात काही नाही. माझा परवाना लेखी आहे, माझी नेमणूक लेखी आहे. मला खाली उतरवायचं तेही लेखी. का उतरवताय ते लिहा, खाली सही करा. मी ते घेऊन सरळ स्टोअरमध्ये जाते.”

मॅनेजरने कागद ओढला. ‘वैयक्तिक कारणास्तव’ असं लिहून तो तिच्याकडे सरकवला. तिने वाचला आणि परत केला. “कोणाच्या वैयक्तिक? मी तर अर्ज केला नाही.”

त्याने खोडलं. ‘आरोग्याच्या कारणास्तव.’

“कोणत्या डॉक्टरने सांगितलं? कारखान्याच्या तपासणीत मी दर वर्षी पास होते. नाव लिहा डॉक्टरचं.”

मॅनेजरने फोरमनकडे कागद सरकवला. “तुम्ही लिहा. तक्रार तुमची आहे.”

फोरमनने पेन घेतलं. टोक कागदावर टेकवलं. शेडमध्ये ज्याचा आवाज टाक्यांच्या ठोकाठोकीवरूनही ऐकू यायचा, त्या माणसाला एक शब्द सुचेना. तो कानापर्यंत लाल झाला.

“अडलं का?” घारीने विचारलं. “मी सांगते, तुम्ही उतरवून घ्या. पाळी. प ला काना. लिहा, ‘या बाईला पाळी येते म्हणून हिने फाटका पट्टा फाटका म्हटला.’ रोज वॉकीटॉकीवर सगळ्या शेडला ऐकवता ना? मग कागदावर का येत नाही?”

“बाई, गंमत होती ती,” फोरमन म्हणाला.

“गंमत असेल तर मला उतरवू नका. खरं असेल तर लिहा.”

कोणी लिहीना.  शेवटी मॅनेजर म्हणाला, “सध्या जसं चाललंय तसं चालू दे. बघू पुढे.”

“बघा,” घार म्हणाली आणि शिडी चढून वर गेली.  

तो जुना पट्टा कोणीतरी गुपचूप कापून टाकला. तो तुटला असता की नसता, हे कोणाला कधीच कळणार नाही, आणि घारीला ते कळून घ्यायची हौसही नव्हती. तुटला असता तर मी बरोबर, नाहीतर मी वेडी, हा हिशोबच तिला मान्य नव्हता.

मामा जेवणाच्या सुट्टीत तिच्या बाकाशी येऊन उभे राहिले. “मी पाहिला होता पट्टा.”

“मला माहीत आहे.”

“निवृत्तीला थोडेच महिने राहिलेत पोरी. साहेबाशी वाकडं कशाला...”

“टाकीखाली तुम्हीच उभे होतात मामा. मी नाही.”

 तिने त्यांना ‘असू दे’ म्हटलं नाही. म्हणायचं तोंडावर आलं होतं, पण गिळलं. पुढचे कित्येक दिवस ती त्यांच्या इशाऱ्यांवर काम करायची आणि उतरल्यावर न बोलता निघून जायची. मामा मात्र बांधायच्या आधी प्रत्येक पट्टा दोन्ही हातांनी ताणून, उलटा-सुलटा करून तिच्या दिशेने धरू लागले. निवृत्त होईपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी खालून हात हलवला, तेव्हा तिनेही काचेआडून हलवला. त्याहून जास्त काही झालं नाही.

पंखा तिने पुन्हा मागितला, तोही मुद्दाम फुलीच्या दिवशी. फोरमन नेहमीप्रमाणे हो हो म्हणाला. ती म्हणाली, “आज मी चिडलेली आहे, म्हणून आजच सांगते. चार दिवसांनी मी गोड बोलेन, तेव्हाही हाच पंखा मागणार आहे.” चार दिवसांनी तिने मागितला. त्यानंतरही मागितला. पंखा बसला. आवाज फार करतो, पण फिरतो.

गोळ्यांनी हळूहळू फरक पडला. काही महिने सरळ गेले, काही तिरके. फुल्या कधी एकाशेजारी एक लागायच्या, कधी पानभर विखुरलेल्या. एकदा मात्र सलग तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी कपातला चहा बशीत सांडला आणि तिने आपल्या हाताकडे नीट पाहिलं. कारखान्यात गेली ती शिडीकडे न जाता फोरमनच्या टेबलापाशी.

“आज मी वर जात नाही. दुसऱ्याला पाठवा.”

फोरमनने मान वर केली. ओठांपर्यंत काहीतरी आलं होतं त्याच्या, ते तिला स्पष्ट दिसलं.

“बोला,” ती म्हणाली. “तेच आहे. पाळीचंच आहे. झोप नाही, हात थरथरतोय, आज मी त्या दांडीला हात लावणार नाही. पण हे मी ठरवलंय. तुम्ही नाही, आणि कॅलेंडरनेही नाही.”

“बरं,” फोरमन म्हणाला. मग थोडं थांबून, “उद्या?”

“उद्याचं उद्या मी सांगेन.”

त्या दिवशी तिने स्टोअरमध्ये बसून नटबोल्ट निवडले आणि तिथल्या धुळीवरून स्टोअरकीपरचं डोकं खाल्लं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपली. तिसऱ्या दिवशी वर गेली.

परवा ती पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेली होती. पाळी आता दोन-दोन महिने तोंड दाखवत नाही. बाईंनी कॅलेंडरची पानं चाळली, रक्ताचा कागद पाहिला आणि म्हणाल्या, “आता फार राहिलं नाही. एकदा पाळी कायमची गेली की हा त्रासही बहुधा जाईल. मग शांतच शांत.”

“त्रास जाऊ दे,” घार पिशवी उचलत म्हणाली. “पण शांततेचं एवढं मनावर घेऊ नका. पाळी गेल्यावरही मी रागावणार आहे. आत्ताच सांगून ठेवते.”

“कोणावर? माझ्यावर?” डॉक्टरीणबाई हसल्या.

“वेळ आली तर तुमच्यावरही,” घार म्हणाली आणि पुढच्या बाईसाठी दार उघडं धरून बाहेर पडली.